शेणखत टाकलेला बेड उलट जास्त तापतोय, मदत हवी आहे

मीनाकाठ:
शेणखताने जमीन थंड राहते असं सगळे सांगतात. माझ्याकडे उलटं झालंय. खताच्या बेडमध्ये ४४ अंश, साध्या बेडमध्ये ४०. टोमॅटोची रोपं माना टाकतायत आणि परवा उरलेली लागण आहे. आणखी खत टाकू की थांबू? लवकर सांगा.

भीमाथडी:
किती वाजता मोजलं, किती खोल? कोणतं गाव, जमीन कशी?

सासवडकर:
खत कच्चं असणार. कच्चं शेण कुजताना तापतंच, उकिरड्यात हात घालून बघा. आणि कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवरचे हुमणीचे भुंगेरे गोळा करून मारा.

मीनाकाठ:
काका, हुमणीचं विचारलंच नाही मी. खत वर्षभर मुरलेलं आहे, वास नाही, हातात भुसभुशीत. नारायणगावजवळ, काळी जमीन. दुपारी दोन वाजता, दोन इंच खोल.

हवामानवाला:
तुमचं मोजमाप मला बरोबर वाटतं. खताने माती पोकळ होते, म्हणजे तिच्यात हवा जास्त राहते. त्या पोकळीत पाणी असेल तर उष्णता खाली जाते, कारण पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहतं. वरचा थर कोरडा पडला की उष्णता वरच अडकते. शिवाय एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, एक लिटर हवेला जेमतेम १.२ ज्यूल. म्हणून कोरडा पोकळ थर झटकन तापतो, रात्री तितकाच झटकन निवतो. खताने रंगही गडद होतो, ऊन जास्त शोषलं जातं. पाणी शेवटचं कधी सोडलं?

मीनाकाठ:
तीन दिवसांपूर्वी. खत ओल धरतं म्हणून ठिबक बंद ठेवलं होतं.

भीमाथडी:
मग हे आधी सांगायचं ना! खत ओल धरतं, पण आधी ओल द्यावी तर लागेल. कोवळ्या रोपाची मुळं वरच्या दोन-तीन इंचांतच असतात.

अंजीरबाग:
दादा, उसाचं पाचट अंथरा. माझ्या अंजिराला पाच वर्षं पाचटच आहे, उन्हाळ्यात खाली हात घातला तर गार लागतं. खत मातीत मिसळणं आणि वरून झाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या एकच समजतात.

सासवडकर:
पाचटाने उंदीर होतात. मल्चिंग पेपरच घाला, तो बेडवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद.

अंजीरबाग:
काका, एप्रिलमध्ये काळा पेपर? रोपाचं खोड कागदाला टेकलं की भाजतं. घालायचाच तर चंदेरी बाजू वर करून.

हवामानवाला:
रंगावरून आठवलं. पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेत १९३२ साली कृषी हवामानाचं काम सुरू झालं. तिथे एल. ए. रामदास यांनी काळ्या मातीवर खडूच्या भुकटीचा पातळ थर देऊन पाहिला होता. माती बरीच थंड राहिली.

मीनाकाठ:
मग चुना मारू का?

भीमाथडी:
अजिबात नको. आपल्या जमिनी आधीच चुनखडीच्या, रोपं पिवळी पडतील. ती मोजमापाची चाचणी होती, टोमॅटोची शिफारस नव्हे.

हवामानवाला:
भीमाथडी बरोबर सांगतायत. मीनाकाठ, उद्या त्याच वेळी सहा इंचांवरही मोजा. आणि दोन्ही बेडना सारखं पाणी द्या, नाहीतर तुलनाच होत नाही.

मीनाकाठ:
काल संध्याकाळी दोन्हीकडे ठिबक सोडलं. आज दोन वाजता दोन इंचांवर दोन्हीकडे ३८. सहा इंचांवर खताच्या बेडमध्ये ३०, साध्यात ३२. रोपं सकाळी ताठ होती, दुपारी थोडी मलूल. आणखी खत टाकत नाही, लागण चार दिवस पुढे ढकलतोय. ताई, पाचट शेजारी मिळतंय. ठिबकची नळी पाचटाच्या खाली ठेवायची की वर?

अंजीरबाग:
खाली. आणि रोपाच्या बुडाशी चार बोटं जागा मोकळी सोडा.