लग्नसराईत दुकानाच्या मशीनवर उबुंटू २४.०४ ची बीटा टाकू का?

जात्यावरची
१२ एप्रिल २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी गंगाखेडला डीटीपी-झेरॉक्सचं दुकान चालवते. चौदा वर्षं झाली. दोन मशीन आहेत. एकीवर विंडोज १०, कोरल आणि जुने मराठी फॉन्ट. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गंधमुक्तीच्या पत्रिका, सगळं तिच्यावरच. दुसरी नुसती टायपिंगला, सातबारा काढायला आणि पोरांचे फॉर्म भरायला. दोन्ही सहाव्या पिढीच्या आय-थ्री, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. आणि १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार असं जाहीर झालंय. दोन नवीन मशीन घ्यायची माझी ऐपत नाही. घेतल्या तरी चांगली चालणारी मशीन भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही.

म्हणून पाडव्याला २५६ जीबीची एसएसडी डिस्क आणली. सासूबाई म्हणाल्या, लोक पाडव्याला सोनं घेतात. म्हटलं, हे बी त्यातलंच समजा.

बहिणीचा मुलगा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. तो आला तो पेनड्राईव्हमध्ये उबुंटू २४.०४ ची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सची, नुकतीच आलेली बीटा (पक्कीच्या आधीची कच्ची आवृत्ती) घेऊनच. आल्यापासून मागं लागलाय, "मावशी, टाकू का? पक्की २५ तारखेला येणारच आहे. तेरा दिवसांनी काय फरक पडतो?"

माझाही प्रश्न नेमका तोच आहे. काय फरक पडतो?

यंदा मे-जूनमध्ये अस्तामुळे मुहूर्त जवळजवळ नाहीत, म्हणून सगळी लग्नं एप्रिलमध्येच दाटलीत. त्यात २६ तारखेला परभणीचं मतदान, त्याची कामं वेगळी. एक मशीन दोन तास बंद पडली तर नवरदेवाचा बाप दारात येऊन उभा राहतो आणि हालत नाही.

मला तीन गोष्टींची भीती आहे. पहिली मराठीची. पत्रिकेत "वऱ्हाडी मंडळी" हमखास असतं. मागं एकदा एका गिऱ्हाईकाच्या लॅपटॉपवरून मजकूर घेतला, तर ते "वर्हाडी" होऊन आलं. आधी छापलं, नंतर दिसलं. तीनशे पत्रिका माझ्या खिशातून. दुसरी भीती प्रिंटरची, तो माझ्या भाच्याहून थोडाच लहान आहे. तिसरी, २५ तारखेला पक्की आली की सगळं पुसून पुन्हा टाकावं लागतं का?

भाच्याला विचारलं की तो म्हणतो "काही होत नाही". "काही होत नाही" म्हणणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

---

नांदेडी_कर्नल
१२ एप्रिल, रात्री ११:१५

ताई टाका बिनधास्त. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : पुसावं लागत नाही. बीटा टाकून रोजचे अपडेट घेत राहिलात की २५ ला तीच पक्की होते. फेब्रुवारीच्या शेवटीच नवीन गोष्टी घेणं बंद झालंय, आता नुसत्या दुरुस्त्या चालूयत. मी तर फेब्रुवारीपासून रोजची बिल्ड (रोज नव्यानं बनणारी कच्ची आवृत्ती) वापरायलोय, एकदाच स्क्रीन काळी झाली.

(तुमचा भाचा आमच्याच कॉलेजचा दिसतोय 😄)

---

मांजराकाठचा
१३ एप्रिल, सकाळी ६:५०

"एकदाच स्क्रीन काळी झाली." भाऊ, तुझं होस्टेल आहे. ताईंच्या दारात नवरदेवाचा बाप आहे.

ताई, आधी माझी फजिती ऐका, मग ठरवा. २००९ ला लातुरात माझा सायबर कॅफे होता, सहा मशीन. त्या मे महिन्यात विंडोज ७ ची आरसी, म्हणजे पक्कीच्या अलीकडची आवृत्ती, सगळ्यांना फुकट उतरवून घेता यायला लागली. आमच्याकडं तोवर एक्सपी. मी एका मशीनवर टाकली, आणि काय सांगू, पोरं त्याच मशीनसाठी नंबर लावायली. आठ दिवसांत सहाच्या सहा मशीनवर तीच. लातुरात माझ्याइतका पुढारलेला माणूस नाही असं मला तेव्हा वाटायचं.

कंपनीनं काही लपवलं नव्हतं. १ मार्च २०१० पासून ही दर दोन तासांनी आपोआप बंद होणार आणि १ जूनला मुदत संपणार, हे आधीच लिहून ठेवलेलं. मी ते वाचलं होतं. वाचलं आणि विसरलो. फेब्रुवारीत ती कोपऱ्यात सूचना बी द्यायली होती, पण मशीनवर बसायचं गिऱ्हाईक. ते ती खिडकी फटकन बंद करायचं आणि आपल्या कामाला लागायचं. मला कोण सांगणार?

मार्चमधला पहिला सोमवार. बारावीची परीक्षा, भरतीचे फॉर्म, दुकान गच्च. सकाळी नऊला मी सहाही मशीन एकदमच चालू केलेल्या, म्हणून अकराला सहाही एकदमच बंद. माझ्या तोंडून निघालं, "गेली लाईट!" सगळे खुर्च्या मागं सरकवून उठायले. तेवढ्यात एक पोरगं वर बघून म्हणालं, "काका, पंखा तर फिरायलाय." मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

पुढचे तीन दिवस सहाही मशीन पुसून नव्यानं टाकत बसलो. एका पोराचा अर्धा भरलेला फॉर्म गेला. त्याला नंतर मी शेजारच्या कॅफेत माझ्या पैशानं बसवलं.

उबुंटूच्या बीटाला असली मुदत नसते, ते नांदेडकरानं बरोबर सांगितलं. पण मुद्दा तारखेचा नाहीच. बीटा मोडणारच, मोडावी म्हणूनच ती लोकांच्या हातात देतात. तुम्ही एवढंच बघा की मोडली तर अर्ध्या तासात तुम्ही मागच्या जागी येताय का. येत असाल तर बीटा टाका नाहीतर काहीही टाका. येत नसाल तर पक्की बी टाकू नका.

तुमच्याकडं एसएसडी वेगळी आहे, हे सोन्याहून भारी काम झालंय. कोरलच्या मशीनकडं फिरकू नका. दुसरी मशीन उघडा, विंडोजच्या डिस्कची वायर काढून बाजूला ठेवा, आणि एकटी एसएसडी लावून टाका. वायर काढली की मशीन सुरू करणारा बूटलोडर भलत्या डिस्कवर जाऊन बसायची भीतीच उरत नाही. बिघडलं तर वायरी बदलायच्या, पाच मिनिटांत सातबारा चालू.

त्याच्या बी आधी दोन दिवस नुसत्या पेनड्राईव्हवरून चालवा. टाकायचं बटण दाबत नाही तोवर ती डिस्कला हात लावत नाही. मराठी, नेट, प्रिंटर सगळं तिथंच कळतं.

आणि मराठीत काही चुकलेलं दिसलं तर भाच्याला लाँचपॅडवर, म्हणजे उबुंटूच्या चुका नोंदवायच्या साइटवर, कळवायला लावा. ऱ्ह चुकला हे तिकडच्या माणसाच्या डोळ्याला कसं दिसणार?

---

परभणीकर_सध्या_पुण्यात
१३ एप्रिल, दुपारी १:२०

वरचं सगळं पटलं. एक भर घालतो, कारण ही बीटा मुळात ४ तारखेला यायची होती आणि ११ ला आली. का, ते ताईंना माहीत असावं.

२९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने एक गोष्ट उघड केली. तो पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतो आणि मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहे. डेबियनच्या (उबुंटू ज्यावर बेतलीय त्या लिनक्सच्या) कच्च्या आवृत्तीवर त्याचं मोजमाप चाललं होतं. दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! आपण चहा ढवळत बसलो असतो. त्याने खणत खणत मूळ गाठलं, तर फायली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' नावाच्या साध्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा ठेवलेला. ठेवणाऱ्याने त्याआधी दोन-अडीच वर्षं गुणी कार्यकर्ता बनून मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवला होता. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१.

ही आवृत्ती पोचली होती ती डेबियनच्या कच्च्या शाखांत, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या रॉहाईड नावाच्या कच्च्या शाखेत, असल्याच ठिकाणी. पक्क्या आवृत्त्या वाचल्या. उबुंटूवाल्यांनी मात्र धोका घेतला नाही. २६ फेब्रुवारीनंतर २४.०४ साठी बांधलेली सगळी पॅकेजेस त्यांनी नव्या मशीनवर पुन्हा बांधून काढली. तो आठवडा त्यात गेला.

आता याचा अर्थ कुणी म्हणेल, बघा, कच्चं वापरणारे उघड्यावर पडले. खरंय. पण पकडलं तेही कच्चं वापरणाऱ्यानेच, आणि म्हणून माझ्या ऑफिसातल्या पक्क्या सर्व्हरांपर्यंत ते आलं नाही. त्यामुळे नांदेडच्या पोराला हसू नका. तो रोजची बिल्ड चालवतो म्हणून आपण निवांत झोपतो.

ताई, तुमच्यापुरतं : बीटावर बँकेची कामं, गिऱ्हाईकांचे आधार-पॅन असलं काही महिनाभर करू नका. टायपिंग करा. आणि कोरलच्या मशीनचं पुढंमागं बदलायचं झालं, तर पहिली दुरुस्ती-आवृत्ती २४.०४.१ ऑगस्टमध्ये यायची आहे, तोवर थांबा. २२.०४ वाल्यांना उबुंटू स्वतःही तोवर बढती सुचवत नाही.

---

नांदेडी_कर्नल
१३ एप्रिल, दुपारी १:२६

थँक्यू दादा 🙏 हे आईला वाचून दाखवतो.

---

जात्यावरची
१३ एप्रिल, रात्री १०:०५

पंख्याची गोष्ट वाचून मी दुकानात एकटीच हसत बसले, गिऱ्हाईक बघायलं. धन्यवाद काका. पेनड्राईव्हवरून चालू करतो उद्यापासून. उद्या जयंतीची मिरवणूक आहे, दुकान अर्धाच दिवस. तेवढा वेळ पुरे.

एक शंका. या आवृत्तीचं नाव नोबल नंबॅट. भाचा म्हणतो नंबॅट हा ऑस्ट्रेलियातला प्राणी, वाळवी खातो. आमच्या दुकानातल्या लाकडी रॅकला असला एक मिळेल का?

---

मांजराकाठचा
१३ एप्रिल, रात्री १०:३०

मिळाला तर दोन सांगा.

---

जात्यावरची
२८ एप्रिल, सकाळी ११:५०

उशीर झाला, माफ करा. लग्नं आणि मतदान, दोन्ही उरकलं.

दोन दिवस पेनड्राईव्हवर चालवली. मग १६ ला रात्री दुकान बंद केल्यावर मशीन उघडली, काकांनी सांगितलं तशी विंडोजची वायर काढली. टोकाला सेलोटेप लावून त्यावर "हात लावू नये" असं लिहिलं, कारण भाचा घरात होता. टाकायला अर्धा तास पण लागला नाही. धूळ काढायला जास्त लागला.

आता मराठीचं. मी "वऱ्हाडी, गिऱ्हाईक, दुसऱ्या, कुऱ्हाड" असे शब्द टाईप करून बघितले. सगळे बरोबर. मग भाच्याला म्हटलं तू लिही. त्यानं लिहिलं "वर्हाडी". मी उडालेच. त्याच मशीनवर, त्याच फॉन्टमध्ये! त्याची बोटं बघितली तेव्हा कळलं. तो साधा र घेऊन पाय मोडतो आणि ह लावतो, त्यामुळे रफार वर चढतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, त्याचा पाय मोडून ह लावला की ऱ्ह होतो. माझं बोट चौदा वर्षांत आपोआप शिफ्टवर जातं, मला ते कधी जाणवलंच नव्हतं. म्हणजे त्या तीनशे पत्रिका लॅपटॉपमुळं गेल्या नव्हत्या, लिहिणाऱ्याच्या बोटामुळं गेल्या. चार वर्षं मी उगीच त्या लॅपटॉपला शिव्या दिल्या.

दुसरी गोष्ट मला या निमित्तानं कळली. लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकटचं सॉफ्टवेअर) मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की, ज्या फॉन्टात सोय केलेली असते त्यात, श आणि ल आपल्या वळणाचे होतात. भाषा हिंदी ठेवली की ते हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्ट तोच, फाईल तीच. माझ्या जुन्या फॉन्टांत हा प्रश्नच नव्हता, कारण तिथं मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र. म्हणून तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की नुसती रांगोळी दिसते. चौदा वर्षांच्या पत्रिका त्याच रांगोळीत आहेत. त्यांच्यासाठी कोरलची मशीन आहे तशीच ठेवणार, आणि २०२५ च्या ऑक्टोबरनंतर तिची नेटची वायर काढून टाकणार. तिला नुसत्या पत्रिकाच करायच्यात, नेटचं काय काम.

२५ ला पक्की आली, ते आम्हाला २६ ला कळलं. मतदानाची सुट्टी होती. सकाळी बोटाला शाई लावून आलो आणि दुकानाचं अर्धं शटर उघडून अपडेट घेतले. आधी माहितीच्या पानावर "डेव्हलपमेंट ब्रँच" (कच्ची शाखा) असं लिहिलेलं यायचं, ते जाऊन नुसतं "उबुंटू २४.०४ एलटीएस" झालं. नांदेडी कर्नल, तुझं बरोबर निघालं, पुसावं लागलं नाही. भाचा तेव्हापासून चेहऱ्यावर "बघ, म्हटलं होतं" घेऊन फिरायलाय.

प्रिंटरनं मात्र ऐकलं नाही. दिसतो, नाव पण बरोबर दाखवतो, कागद ओढत नाही. भाच्यानं दोन रात्री घालवल्या. मी तात्पुरतं असं करते, इकडं पीडीएफ बनवायची, पेनड्राईव्हवर घ्यायची, खुर्ची फिरवायची आणि कोरलच्या मशीनवरून छापायची. दिवसातून चाळीस वेळा खुर्ची फिरते. जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवलेला कुणी इथं असेल तर सांगा, मॉडेल वैयक्तिक निरोपात पाठवते.