जुना वायरलेस माउस आणि निळा यूएसबी पोर्ट

नव्या संगणकावर जुन्या वायरलेस माउसचा पॉइंटर अडखळतो, तो संगणकाला माउसचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) मिळत नाही म्हणून, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. साधे माउस आणि कीबोर्ड विंडोजच्या अंगभूत ड्रायव्हरवरच चालतात, आणि ड्रायव्हरच नसता तर पॉइंटर मुळीच हलला नसता. तो हलतो पण मध्येच उडी मारतो, हे लक्षण बहुधा रेडिओ लहरींतील अडथळ्याचे असते. यूएसबी ३.० या वेगवान जोडणीतून माहिती जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, आणि वायरलेस माउस-कीबोर्डचे बहुतेक रिसीव्हर (यूएसबी पोर्टात खोचायचे छोटे तुकडे) नेमके त्याच पट्ट्यात काम करतात. इंटेलने २०१२ मध्येच याविषयी सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते.

रावेरला आमच्या केळीच्या पेढीवर नवा संगणक आल्यावर हेच घडले. मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टात बाह्य हार्ड डिस्क आणि तिला अगदी खेटून माउस-कीबोर्डचा रिसीव्हर, त्यामुळे बॅकअप सुरू झाला की कीबोर्डचे आकडे गळत. १२५० चे १५० उमटे, आणि शेतकऱ्याच्या पट्टीत (मालाच्या हिशेबाच्या पावतीत) अशी चूक मुळीच खपण्यासारखी नाही. रिसीव्हर यूएसबी २.० च्या काळ्या पोर्टात हातभर एक्स्टेंशन वायर लावून टेबलावर आणला, तेव्हा त्रास थांबला. नवा माउस घेण्याआधी हार्ड डिस्क काढून पाहावी. तेवढ्याने पॉइंटर सुरळीत झाला, तर दोष माउसचा नाही.