बाबांच्या अंत्यविधीत बाबा कुठे होते?

सांजवारा (धागाकर्ती)

बाबांना जाऊन आठ महिने झाले. तेव्हा लिहायचं सुचलं नाही, आता लिहितेय.

अंत्यविधी रीतसर पार पडला. विधी सांगणाऱ्यांनी बाबांचं नाव तीनदा चुकवलं. दुसऱ्यांदा मी दुरुस्त केलं, त्यांनी मान डोलावली आणि तिसऱ्यांदा परत तेच. पाऊण तासात सगळं आटोपलं. त्या पाऊण तासात जे काही बोललं गेलं, ते कोणाच्याही नावावर खपलं असतं.

लोक पांगत होते तेव्हा फाटकाशी बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ थांबले होते. हातात हेल्मेट, जावं की थांबावं अशा बेतात. म्हणाले, "मी शिपाई म्हणून लागलो तेव्हा मला फक्त सही यायची. तुमच्या वडिलांनी वर्षभर मधल्या सुट्टीत लिहायला शिकवलं. पेन देत नसत. म्हणायचे, पेन्सिलने लिही, खोडता येतं, घाबरायचं नाही." ते पुढे खात्याची परीक्षा देऊन क्लार्क झाले.

बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम बोटभर उरलेली पेन्सिल असायची. आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. ती का असायची हे मला त्या दिवशी, हेल्मेटवाल्या अनोळखी माणसाकडून कळलं. माझ्यापुरता अंत्यविधी तिथे फाटकापाशी झाला. आधी झालं ते नुसतं काम उरकणं होतं.

तर माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे. विधी करा, पण त्यात दहा मिनिटं त्या माणसाला द्या. आणि 'कसा निरोप हवा' हे माणूस असतानाच विचारा. आमच्याकडे विषय काढला की आई "शुभ बोल नाऱ्या!" म्हणून उठून जायची. बाबांना काय हवं होतं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

बाहेर लोक यासाठी मुद्दाम जमतात. बर्नार्ड क्रेटाझ या स्विस समाजशास्त्रज्ञाने २००४ मध्ये न्यूशातेलला अशी पहिली बैठक भरवली. त्यावरून लंडनच्या जॉन अंडरवुडने २०११ मध्ये 'डेथ कॅफे' सुरू केला. अनोळखी माणसं चहाला बसतात आणि मरणावर बोलतात. उपदेश नाही, निष्कर्ष नाही, समुपदेशनही नाही. अंडरवुड स्वतः २०१७ मध्ये अचानक गेला, वय ४४. त्याचं काम त्याच्या आईने आणि बहिणीने पुढे चालवलं.

तुमच्या घरी हे बोलणं होतं का?

रोखठोक

सांजवारा, तुमच्या दुःखाबद्दल आदर ठेवून साफ असहमत.

आई गेली तेव्हा आमच्या घरात 'वैयक्तिक' निरोपाची हौस होती. फोटो कोणता लावायचा यावर आम्हा चार भावंडांत दीड तास गेला. मग आईचं आवडतं गाणं. चौघांची चार गाणी निघाली, प्रत्येकाला खात्री की आईला हेच आवडायचं. शेवटी धाकट्याने मोबाईलवर त्याचं लावलं. दुसऱ्या कडव्याआधी जाहिरात लागली. गुडघेदुखीच्या तेलाची. आई तिथे पांढऱ्या चादरीखाली, आणि तो बोटाने 'जाहिरात वगळा' शोधतोय. आज आम्ही त्यावर हसतो. त्या दिवशी मोठी बहीण उठून बाहेर गेली ती शेवटपर्यंत आत आली नाही.

रात्रभर जागलेल्या, डोकं बधिर झालेल्या माणसाला 'आता काहीतरी अर्थपूर्ण सुचव' म्हणणं हा छळ आहे. ठरलेला विधी म्हणजे कठडा. इथे उभे राहा, हे हातात घ्या, आता नमस्कार करा. त्या वेळी मला तेवढंच झेपत होतं. नाव चुकलं हे वाईटच. पण त्यावर उपाय नाव कागदावर लिहून देणं हा आहे, कार्यक्रमपत्रिका छापणं नव्हे.

काटेकोर

रोखठोक यांना +१, पण माझं कारण वेगळं.

माझे वडील चांगले नव्हते. अधिक लिहीत नाही. त्यांच्या वेळी कोणीतरी हौसेने म्हणालं, "मुलांपैकी कोणीतरी दोन शब्द बोला." सगळी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. खरं बोलले असते तर तमाशा, खोटं बोलले असते तर ते मला जन्मभर खुपलं असतं. तेवढ्यात एक वयस्कर नातेवाईक म्हणाले, "विधी सुरू करा, उशीर होतोय." मी त्यांची आजही ऋणी आहे.

ठरलेले शब्द कोणाचंही कौतुक करत नाहीत. ते फक्त म्हणतात की एक माणूस होता, तो गेला. तेवढ्याला मी मनापासून हो म्हणू शकले. 'त्या माणसाला दहा मिनिटं द्या' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी चांगलाच माणूस असतो.

सांजवारा

काटेकोर, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. 'द्या' ऐवजी 'द्यावीशी वाटली तर' असं वाचा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, सतरा वर्षं. अंत्यविधीवर मला फार मत नाही. मी बोलणार त्याच्या आधीच्या आठवड्याबद्दल.

वॉर्डच्या दारात मुलगा मला बाजूला घेतो. "सिस्टर, बाबांना काही सांगू नका, खचतील." मी आत जाते, सलाईन बदलते. बाबा दाराकडे बघून हळूच म्हणतात, "सिस्टर, मला कळलंय. मुलाला बोलू नका, तो हळवा आहे." दोघंही एकमेकांना सांभाळतात आणि दोघंही एकटे. मग मुलगा आत येतो आणि दोघं क्रिकेटवर बोलतात.

हे इतकं जुनं आहे की ग्लेझर आणि स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी इस्पितळांत बसून १९६५ मध्येच त्यावर लिहून ठेवलं. दोघांनाही माहीत असतं आणि दोघंही माहीत नसल्याचं सोंग करतात, त्याला त्यांनी वेगळं नावही दिलं.

'बोललं की पेशंट खचतो' याबद्दल. २००८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचा एक अभ्यास आला. ज्यांच्याशी डॉक्टर शेवटच्या दिवसांबद्दल मोकळं बोलले होते, त्यांच्यात नैराश्य जास्त आढळलं नाही. त्यांच्यावर व्हेंटिलेटर, आयसीयू हे प्रकार मात्र कमी झाले. आणि ज्यांचे शेवटचे दिवस अशा उपचारांत गेले, त्यांचे जिवलग मागाहून सावरायला जास्त झगडले. नुसत्या बोलण्यामुळेच हे घडलं असं एका अभ्यासावरून छातीठोक म्हणता येणार नाही, पण रात्री तीनला मी जे बघते त्याच्याशी ते जुळतं.

निरोप कसा हवा हे नंतर विचारा. आधी हे विचारा की नळी घालायची का, घालायची तर कुठवर, आणि तुम्हाला बोलता आलं नाही तर तुमच्या वतीने कोणी बोलायचं. या प्रश्नांची उत्तरं नसलेली कुटुंबं मी कॉरिडॉरमध्ये भांडताना बघितली आहेत.

रोखठोक

रात्रपाळी, उपचारांबद्दल बोलावं हे शंभर टक्के मान्य. त्याचे निर्णय घ्यावेच लागतात. पण त्याची आणि समारंभाची गल्लत नको. आणि 'मोकळं बोला' याचीही सक्ती होत चालली आहे. माझ्या एका मामांना शेवटपर्यंत बोलायचं नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र काहीतरी वाचून आलेला. "तुम्ही अजून नकाराच्या टप्प्यात आहात," असं एकाने तोंडावर सांगितलं! आजारी माणसाला नापास केल्यासारखं.

रात्रपाळी

हो, ते पाच टप्पे: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते मरणाऱ्या रुग्णांशी बोलून, त्यांचं ऐकून. मागे राहिलेल्यांच्या दुःखाचं वेळापत्रक म्हणून ते नंतर चिकटले. ते सगळ्यांना येतात, याच क्रमाने येतात, असं काही नाही. तुमच्या मामांना गप्प राहायचं होतं तर तेही एक उत्तरच. मी फक्त विचारते, "बोलायचंय का?" नाही म्हणाले की उशी सरळ करते आणि जाते.

अर्धविराम

लहान मुलांसमोर काय बोलायचं यावर कोणीच लिहिलं नाही, म्हणून आमची चूक सांगतो. आजोबा गेले तेव्हा चार वर्षांच्या लेकीला आम्ही सांगितलं, "आजोबा झोपले." पुढचे तीन आठवडे ती झोपायला तयार नव्हती. डोळे मिटायला लागले की उठून बसायची, आणि मी डुलकी घेतली तर मला हलवायची. का ते आम्हाला कळेना. मग बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "तुम्ही नेमका कोणता शब्द वापरला होता?"

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही 'मेले' हाच शब्द वापरला. शरीर बंद पडतं, दुखत नाही, भूक लागत नाही, परत येत नाहीत. तिने विचारलं, "त्यांचा चष्मा?" म्हटलं, चष्मा आहे. मग तो चष्मा तिच्या खेळण्यांच्या खोक्यात गेला. झोप परत यायला दोन रात्री लागल्या.

चावी

भावनिक चर्चेत व्यवहाराचं बोलतो, माफी असावी. दादा अपघातात गेला. त्याचे पाच वर्षांचे फोटो फोनमध्ये आणि फोन बंद. पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. वहिनीकडे मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो नाहीत.

गूगलमध्ये २०१३ पासून 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं ठराविक महिने वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला तुम्ही ठरवलेला डेटा मिळतो. फेसबुकवर वारसदार संपर्क नेमता येतो, ॲपलनेही २०२१ च्या अखेरीस तशी सोय दिली. दहा मिनिटांचं काम आहे. हा प्रतिसाद वाचून झाल्यावर करा. धाग्यावरची भांडणं नंतरही वाचता येतील.

उगाचंच

नियोजनाची हौसच असेल तर इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमकडून शिका. १८३२ मध्ये गेला. देहाचं सर्वांसमोर विच्छेदन व्हावं आणि मग सांगाड्याला माझेच कपडे घालून खुर्चीत बसवावं, असं लिहून ठेवलं होतं. मित्राने दोन्ही केलं. आत गवत भरलेला बेंथम युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये अजून बसलाय. डोकं मेणाचं आहे, कारण खरं टिकवायचा प्रयोग फसला. मोकळं बोलण्याचे दुष्परिणाम!

मधली वाट

हसले. पण रोखठोक आणि सांजवारा जणू दोन टोकांना उभे आहेत, तसं मला दिसत नाही. आर्चबिशप डेस्मंड टुटूंचं उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२२ ला केपटाउनच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. प्रार्थना चर्चच्या परंपरेतल्याच, शब्द पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण मिळेल ती सर्वांत स्वस्त शवपेटी आणा, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. एवढा नोबेल विजेता साध्या पाइनच्या पेटीत, कड्यांच्या जागी दोर, वर घरच्यांनी ठेवलेला फुलांचा एकच गुच्छ. दहनाऐवजी पाण्याच्या प्रक्रियेने देहाची विल्हेवाट लावायची, हीही त्यांचीच निवड. भाषण न करता ती पेटी त्यांच्याबद्दल बोलली. आणि कोणाला ऐन वेळी काही सुचवावं लागलं नाही.

रोखठोक

हे पटलं. निवड त्यांची होती आणि आधी सांगितलेली होती. माझा राग ऐन वेळच्या कल्पकतेवर आहे.

तरी एक शंका राहतेच. सांगून ठेवलं की ते मागच्यांवर ओझं होतं. गायक डेव्हिड बोवी २०१६ मध्ये गेला तेव्हा कसलाही समारंभ न करता दहन झालं. त्याच्या घरच्यांचं ते घरचे जाणोत. पण उद्या माझ्या बायकोला चार माणसं जमवून रडायचं असेल आणि मी 'काही करू नका' लिहून ठेवलं असेल, तर तिने काय करायचं? अंत्यविधी नेमका कोणाचा, जाणाऱ्याचा की राहणाऱ्यांचा?

सांजवारा

माझ्या मते देहाचं काय करायचं ते जाणाऱ्याने सांगावं आणि रडायचं कसं ते राहणाऱ्यांनी ठरवावं.

शोधाशोध करताना एक अभ्यास सापडला. मायकेल नॉर्टन आणि फ्रांचेस्का जिनो यांचा, २०१४ चा; तेव्हा दोघं हार्वर्डमध्ये होते. दुःखात तुम्ही काय विधी केले असं लोकांना विचारलं, तर बहुतेकांनी सांगितलेले विधी धार्मिकही नव्हते आणि चारचौघांतलेही नव्हते. एकट्याने, घरात, कोणाला न सांगता केलेले. आणि त्याने दुःख हलकं झालं ते परिस्थिती थोडी आपल्या हातात आल्यासारखं वाटल्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष.

रोखठोक

म्हणजे माझंच म्हणणं की! चारचौघांत ठरलेलं करा, आपलं ते घरी करा.

सांजवारा

अर्धं तुमचं. आईला विचारल्याशिवाय तुम्हाला उरलेलं अर्धंही देणार नाही.

सांजवारा (तीन दिवसांनी)

काल विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, मी समोर बसले. 'शुभ बोल नाऱ्या' येईल म्हणून वाट बघत होते. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला सांगितलं होतं."

मला कळेचना. बाबांनी तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की माझ्या वेळी त्या शिपायाला बोलवा, आणि जमलं तर त्याला काहीतरी वाचायला सांगा. त्या दिवशीच्या गडबडीत आई विसरली, आणि आठवलं तेव्हा माणसं पांगली होती. आठ महिने हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "आई, ते आले होते. मी बोलले त्यांच्याशी."

तिने घडी खाली ठेवली. "काय म्हणाला?" मग मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, हेल्मेटपासून. तिने मला तीनदा सांगायला लावलं.

तिला स्वतःला काय हवंय ते विचारायचं राहूनच गेलं.

रोखठोक

त्या गृहस्थांचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?

सांजवारा

नाही. ऑफिसात विचारते उद्या.