प्रतिसाद: सीआरपी उतरला, पण कशामुळे?

कॅन्सरची केमो चालू असताना ड जीवनसत्त्व घेतल्याने सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणारं रक्तातलं प्रथिन) उतरतो, दाह कमी होतो, मग घ्यायला काय हरकत, असं वर विचारलंय. यात एक गोम आहे. शरीरात दाह वाढला की रक्तातली 'ड'ची पातळी त्यामुळेच खाली जाऊ शकते. म्हणजे कमी 'ड' आणि जास्त सीआरपी सोबत दिसले तरी कशामुळे काय झालं ते ठरत नाही. कमतरता असेल तर ती भरून काढावीच, हाडांसाठी तरी. पण सीआरपी उतरला म्हणजे गाठ आक्रसली असं नव्हे.

माझा खरा आक्षेप 'अँटिऑक्सिडंट' म्हणून मूठभर गोळ्या घेण्याला आहे. रेडिएशन आणि काही केमो औषधं पेशी मारतात ती बऱ्याच अंशी ऑक्सिडेशननेच. अँटिऑक्सिडंट ते ऑक्सिडेशनच अडवतात, मग ढाल कॅन्सरच्या पेशीलाही मिळायची! बोर्टेझोमिबचा (मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध) परिणाम क जीवनसत्त्वाने कमी होतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण १८ टक्के जास्त निघालं (१९९४). ते आधीपासूनचे रुग्ण नव्हते, हे खरं. पण 'जीवनसत्त्वच तर आहे' या भरवशाला तेवढं पुरे.

उलट पेमेट्रेक्सेड या केमो औषधासोबत फॉलिक ॲसिड आणि बी-१२ द्यावंच लागतं, नाहीतर दुष्परिणाम वाढतात. तेव्हा औषधाचं नाव सांगितल्याशिवाय सरसकट उत्तर नाही.

आणि शिरेतून 'क'चे मोठे डोस घेणार असाल, तर आधी जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम; ते कमी असेल तर या पेशी फुटू शकतात) तपासा. असा डोस घेतल्यावर काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन घेऊ नका.