मदत हवी आहे: कॅलामाइन लोशनचा साका तळाशी दगडासारखा बसतोय

नमस्कार. मी बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कॅलामाइन लोशन हा विषय मी स्वतः मागून घेतला. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा आई ती गुलाबी बाटली हलवून हलवून दमायची. तळाचा थर जागचा हलायचा नाही, वरचं गुलाबी पाणी तेवढं अंगाला लागायचं आणि खाज तशीच राहायची. म्हणून बाटली हलवल्यावर सगळं एकजीव झालंच पाहिजे, एवढी एकच गोष्ट मला या लोशनमध्ये हवी आहे. नेमकी तिथेच अडले आहे.

प्रमाण ब्रिटिश फार्माकोपियातलं (औषधांच्या अधिकृत मानकांचा ग्रंथ) घेतलं: कॅलामाइन १५ ग्रॅम, झिंक ऑक्साइड ५, बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) ३, सोडियम सायट्रेट ०.५, द्रव फिनॉल ०.५ मिली, ग्लिसरीन ५ मिली आणि पाणी १०० मिली होईपर्यंत.

पहिल्या बॅचला बेंटोनाइट एकदम पाण्यात टाकलं. वरून फुगून आतून कोरड्या राहिलेल्या गुठळ्या झाल्या, कितीही घोटलं तरी फुटेनात. लोशनही फार दाट झालं, म्हणून पुढच्या दोन्ही बॅचेसना बेंटोनाइट १ ग्रॅमवर आणलं.

बॅच ‘ख’मध्ये सायट्रेट तेवढंच ठेवलं. दिसायला सुरेख, पातळ, मऊ. दोन दिवस झाले तरी वर निवळ नाही. सगळ्यांनी हीच पुढे न्या म्हणून सांगितलं. ४० अंशाला तीन आठवडे ठेवली आणि बाटली उलटी केली, तर तळाशी वडी! काचेची कांडी घातली तर टक् असा आवाज आला.

बॅच ‘ग’मध्ये सायट्रेट घातलंच नाही. तासाभरात वर स्वच्छ निवळ आणि खाली फुगीर गाळ. बघून वाटलं, ही वाया गेली. पण तीन आठवड्यांनी दोनदा उलटीसुलटी केली आणि पुन्हा एकसारखी झाली. फक्त ओतताना दह्यासारखी गचकन पडते.

मेजरिंग सिलिंडरमध्ये १०० मिलीला ‘ख’चा गाळ शेवटी १६ मिलीवर थांबला, ‘ग’चा ४८ वर. सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३००० फेऱ्यांनी अर्धा तास फिरवलं तर दोन्ही सारख्याच घट्ट बसल्या. मग स्थिर कोणती म्हणायची? आणखी एक, लोशन खराब होऊ नये म्हणून फिनॉलऐवजी सोडियम बेंझोएट चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तुमची ‘ग’ वाया गेलेली नाही, उत्तर तिच्यातच आहे. ‘ख’मध्ये प्रत्येक कण सुटा राहिला. सुटा कण बारीक, म्हणून हळू खाली जातो आणि वरचं पाणी गढूळ दिसत राहतं. पण खाली पोचल्यावर बारीक कण मोठ्यांच्या फटीत जाऊन बसतात, वरच्या थराचं वजन पडतं आणि वडी होते. ‘ग’मध्ये कणांचे सैल पुंजके झाले. पुंजका मोठा म्हणून लवकर बसतो, पण पोटात पाणी धरून बसतो, त्यामुळे हलवला की सुटतो. गाळाचं आकारमान भागिले एकूण आकारमान काढा: ०.१६ आणि ०.४८. सस्पेन्शनमध्ये (न विरघळलेले कण पसरलेल्या द्रवात) हा आकडा १च्या जितका जवळ तितकं चांगलं.

सायट्रेट मात्र काढून टाकू नका. बेंटोनाइटच्या पापुद्र्यांची जाळी ते थोडी सैल करतं, म्हणून लोशन ओतता येतं. तुमचं चुकलं ते बेंटोनाइट कमी करून सायट्रेट तेवढंच ठेवण्यात. बेंटोनाइट पुन्हा ३ ग्रॅम घ्या. कॅलामाइन, झिंक ऑक्साइड आणि बेंटोनाइट आधी कोरडंच खलात एकत्र घोटा. सायट्रेट सुमारे ७० मिली पाण्यात विरघळवून ते पाणी थोडं थोडं घालत मऊ लगदा करा, मग फिनॉल, ग्लिसरीन आणि उरलेलं पाणी. कोरड्या पुडीत मिसळलेलं बेंटोनाइट गुठळी धरत नाही. द्रव फिनॉलला हातमोजे आणि चष्मा हवाच, कातडी भाजते.

प्रतिसाद २

सेंट्रिफ्यूजचा निकाल या लोशनसाठी धरू नका. ती चाचणी इमल्शनला (तेल-पाण्याच्या एकजीव मिश्रणाला) ठीक. इथे तो जोर पुंजकेच मोडून टाकतो, म्हणून दोन्ही सारख्या दिसल्या.

बेंझोएट नको. ते आम्ल माध्यमात काम करतं, पीएच ५च्या वर गेला की जवळजवळ निकामी. झिंकमुळे तुमचं लोशन अल्कधर्मी बाजूला असणार, पीएच मोजून बघा. बेंझाल्कोनियमसारखं धनभारित परिरक्षकही (औषध खराब होऊ न देणारं द्रव्य) नको, बेंटोनाइट ते स्वतःकडे ओढून घेतं. इथे फिनॉल खाजही कमी करतं आणि परिरक्षणही. पण असं लोशन तान्ह्या बाळाला आणि उघड्या जखमेला लावायचं नाही, हे लेबलवर ठळक लिहा.

तुमच्या आईच्या बाटलीचा प्रश्न मोजता येतो. बाटली ठरावीक वेळा उलटी करा, लगेच वरून, मधून आणि तळातून नमुना घ्या आणि ईडीटीए टायट्रेशनने (झिंकला धरणारं द्रावण थेंबथेंब घालून मोजण्याची पद्धत) तिन्हींतलं झिंकचं प्रमाण काढा. तिन्ही आकडे जुळले तर पहिल्या आणि शेवटच्या वापरात सारखंच औषध जाईल. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, हलवायला वर मोकळी जागा लागते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल सांगितल्याप्रमाणे कोरडं घोटून नवी बॅच केली. एकही गुठळी नाही! बाटली शांत ठेवली की दाट होते आणि हलवली की सरळ धारेत पडते. पीएच ८च्या वर आला, तेव्हा बेंझोएटचा विचार सोडला.

२५ आणि ४० अंशाला तीन-तीन बाटल्या उभ्या ठेवल्या आहेत, ४० ची आर्द्रता ७५ टक्के. नियमाप्रमाणे ४० अंशाला सहा महिने लागतात, माझ्याकडे तीनच आहेत. त्यामुळे निष्कर्षात ‘तीन महिन्यांपर्यंत’ एवढंच लिहीन. एक शंका उरली: बाटली किती वेळा उलटी करायची हे आधीच ठरवून घेऊ, की एकजीव होईपर्यंत मोजत जाऊ?

प्रतिसाद २

दोन्ही करा. एकजीव व्हायला किती वेळा लागलं ते दर महिन्याला नोंदवा, तो आकडा वाढत गेला तर वडी धरायला लागली समजा. झिंकचे नमुने मात्र दर वेळी दहा वेळा उलटी करूनच घ्या.