टँकरचं पाणी: यूव्हीचा निळा दिवा लागतो म्हणजे झालं का?

धायरीकर
सोसायटीला निम्मं पाणी टँकरचं. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तेव्हापासून आई उकळल्याशिवाय पाणी पीत नाही. घरात तीन वर्षांचं यूव्ही (अतिनील किरणांचं) मशीन आहे, निळा दिवा व्यवस्थित लागतो. दुकानदार म्हणतो, काढा आणि आरओ (क्षारही गाळणारं मशीन) घ्या. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला १८० मिलिग्रॅम भरला. काय करू?

पाणीवाले काका
दुकानदाराला आरओ खपवायचाय, दुसरं काय! बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) टीडीएसची मर्यादा ५०० आहे. आरओ बरंच पाणी वाया घालवतो; १८०ला तो लावून मोरीत पाणी कशाला सोडायचं? तुमचं दुखणं क्षारांचं नाही, जंतूंचं. जीबीएसशी जोडल्या जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जिवाणूंना यूव्ही पुरून उरतो, पण मशीन धड हवं.

तो निळा उजेड विसरा. काम करतात ती २५४ नॅनोमीटरची किरणं, ती दिसतच नाहीत. जंतूंचा डीएनए बिघडतो, त्यांची वाढ थांबते. आठ-नऊ हजार तासांनी किरणं मंदावतात, दिवा मात्र निळाच दिसतो. बदललाय का कधी?

शिवाय दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी. मेकॅनिकला समोर काढायला लावा आणि खिडकीत धरून बघा. बोअरच्या पाण्याने पिवळट थर धरतो, नखाला खरखरीत लागतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवली की सुटतो. मुंबई विद्यापीठात शिकलेल्या शास्त्रज्ञ अशोक गाडगीळांनी ही कटकटच ठेवली नाही: त्यांच्या यंत्रात दिवा पाण्याच्या वर टांगलेला, पाणी खालून वाहतं. ६० वॅटमध्ये मिनिटाला १५ लिटर. घरगुती मशीनवाल्यांना हे का सुचू नये, देव जाणे.

आणि उघड्या दिव्याकडे बघू नका, डोळ्यांना इजा होईल.

कोथरूडची मी
काका, पावसाळ्यात गढूळ आलं तर?

पाणीवाले काका
ताई, तेव्हा नुसत्या यूव्हीच्या भरवशावर राहू नका. मातीच्या कणाआड जंतू लपतो, त्याच्यापर्यंत किरण पोचत नाही. तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी गाळून उकळा.

धायरीकर
सर्व्हिसची बिलं काढली. दर वेळी कँडल बदलल्याचे पैसे, दिव्याचं नावच नाही. उद्या बोलावतो त्याला. मशीनचं पाणी माठात भरलं तर चालेल ना?

पाणीवाले काका
चालेल, पण क्लोरीन पाण्यात थोडा तरी शिल्लक राहतो, यूव्हीचं मागे काहीच उरत नाही. माठ रोज घासा, झाकून ठेवा, ओगराळ्यानेच पाणी घ्या. दिवा बदलेपर्यंत आईंचं उकळणं चालू द्या.