बॅन्फची तळी एका दिवसात: तुमच्या गाडीत काय घडलं?

जूनअखेरीस आई-बाबा कॅलगरीला येताहेत. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात मोरेन लेकच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी गाड्या बंद आहेत. म्हणजे पार्क्स कॅनडाची शटल, नाहीतर दहा-बारा जणांची गाइडवाली गाडी. आईचे गुडघे आणि बाबांचा स्वभाव जमेस धरून मी गाइडवाल्या गाडीकडे झुकलेय. काय काय बघितलं त्याची यादी नको, ती माहितीपत्रकात असते. गाडीत आणि तळ्यावर काय घडलं ते लिहा. फजितीसुद्धा.

दशमी

मोरेनला रॉकपाइलच्या, म्हणजे काठावरच्या दगडांच्या ढिगाच्या, पायऱ्यांवर आई अर्ध्यात बसली. "तुम्ही या जाऊन." आमच्याच गाडीतल्या एका जर्मन आजींनी स्वतःची काठी पुढे केली, तेव्हा उठली. वर गाइड सांगत होता, हिमनदी सरकताना खालचा खडक दळत जाते, ते पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात येतं, इतकं बारीक की तरंगतच राहतं, आणि त्यावर उजेड पडून हा निळा रंग दिसतो. मी आईला मराठीतून सांगितलं. ती म्हणाली, "त्याला विचार, तुरटी फिरवली तर?"

तुरटीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेपर्यंत गाइड थांबून राहिला. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पीठ बसेल खाली. पण मग लोक तुम्हाला सोडणार नाहीत."

बारीक अक्षर

आम्ही 'छोटा गट' म्हणून पैसे भरले आणि आली ती भली मोठी बस. बुकिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात सोय करून ठेवलेली होती, भांडायला जागाच नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. जास्तीत जास्त माणसं किती, हा आकडा आधी लेखी घ्या.

मे महिन्याचे शहाणे

तिकीट स्वस्त मिळालं म्हणून २० मेला गेलो. का स्वस्त, ते तिथं कळलं. लेक लुईस पांढरंफटक, बर्फाखाली. मोरेनचा तर रस्ताच उघडलेला नव्हता, तो जूनमध्ये उघडतो. ते तळं पूर्ण भरायलाही जूनचा उत्तरार्ध लागतो. ताई, तुमची तारीख बरोबर आहे. ऑगस्टमध्ये गेलेल्या मित्राला वणव्याच्या धुरात मोरेनभोवतीच्या दहा शिखरांपैकी तीनच दिसली, तेव्हा नशिबाचा भाग आहेच.

घाटसेक्शन

आमच्या सहलीत एमराल्ड लेकही होतं, म्हणजे अल्बर्टा ओलांडून ब्रिटिश कोलंबियातलं योहो उद्यान. बाबा मध्य रेल्वेतून निवृत्त, उमेदीची वर्षं कर्जतला गेली. लेक लुईसकडे त्यांनी पाच मिनिटं हात मागे बांधून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे." मी समजलो, पैसे पाण्यात.

मग किकिंग हॉर्स खिंडीत गाइडनं स्पायरल टनेलपाशी गाडी थांबवली. तिथं पूर्वी 'बिग हिल' नावाचा साडेचार टक्क्यांचा उतार होता आणि आगगाड्या आवरायच्या नाहीत. म्हणून १९०९ मध्ये डोंगराच्या पोटात दोन वळसेदार बोगदे काढून तो उतार निम्म्यावर आणला. टक्के ऐकताच बाबा ताठ झाले. "म्हणजे २२ ला १! आमचा घाट ३७ ला १, तरी कर्जतहून मागे बँकर, ढकलणारी इंजिनं, लावायला लागतात."

तेवढ्यात वरून मालगाडी आली. इंजिन खालच्या तोंडातून बाहेर पडलं तरी मागचे डबे वरच्या तोंडातून आत शिरतच होते. बाबा डबे मोजायला लागले. गाइडनं घड्याळाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि तोही मोजायला लागला. मग सगळी गाडीच. आकडा कुणाचा कुणाशी जुळला नाही. एमराल्डवर नावेत बसायचा वेळ त्यात गेला, ते बायको अजून काढते.

माजी सारथी

शिकत असताना दोन उन्हाळे मी अशीच गाडी चालवली. 'प्रत्येक तळ्यावर तासभरच का,' हे रोज ऐकायचो. अहो, कॅलगरीहून नुसतं लेक लुईसला जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या वर होतात. एकजण फोटोपायी पंधरा मिनिटं उशिरा आला की उरलेल्या अकरा जणांची पुढच्या तळ्यावरची पंधरा मिनिटं जातात. बाथरूमच्या रांगेचा वेळ वेगळाच.

डबे खुशाल न्या. दशम्या-चटणी फारच उत्तम, आणि सारथ्यालाही विचारत जा. फक्त तिथल्या खारींना तुकडा टाकू नका. राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे, दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. एका काकांनी दहीभात उघडला आणि सवयीनं डब्याबाहेर चार शितं ठेवली. चित्राहुती. दोन सेकंदांत खार हजर! मी धावत जाऊन टेबलावरून शितं गोळा केली, आणि काका माझ्याकडे असे बघत होते की मी त्यांचं जानवंच ओढलं.

धागाकर्ती

बारा सीटची गाडी बुक केली, आकडा लेखी घेतला. एमराल्डवाली सहल घेतलीय. बाबांना चित्राहुतीचं वाचून दाखवलं, तर म्हणाले, "तिथं मनातल्या मनात घालीन."